विद्युत्पात

विद्युत्पात : (वीज पडणे, वीज कोसळणे). गर्जन्मेघात साठलेला विद्युत् भार हवेतून मार्ग काढून जमिनीवर वा जमिनीवरील वस्तूवर एकाएकी उतरण्याच्या आविष्कारास विद्युत्पात म्हणतात. आकाशात दिसणाऱ्या विजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश विजा ढगांतल्या ढगांतच चमकून संपतात. उरलेल्या जमिनीपर्यंत पोहोचतात व त्यांपासूनच जीवितहानी होते. भारतात नैसर्गिक आपत्तींमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी सर्वांत मोठा वाटा विद्युत्पाताचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार वीज पडून २०२० मध्ये २,८६२, २०२१ मध्ये २,८८० व २०२२ मध्ये २,८८७ व्यक्ती देशात मृत्युमुखी पडल्या. पूर किंवा चक्रीवादळ यांच्याप्रमाणे ही हानी एकाच वेळी व एकाच ठिकाणी होत नाही. एका शिवारात एक, दुसऱ्या शिवारात दोन अशी ती विखुरलेली असते व त्यामुळे तिची व्याप्ती सहसा लक्षात येत नाही. या आविष्काराचा अभ्यास भौतिकी, वातावरणविज्ञान व वैद्यक या तिन्ही शास्त्रांत होतो.

पूर्वेतिहास : वीज हा विद्युत् विसर्जनाचाच प्रकार असल्याचे बेंजामिन फ्रँक्लिन यांनी सुचविलेल्या प्रयोगामुळे १७५२ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध झाले. भारतात या विषयावरील महत्त्वाचे काम सर जॉर्ज सिम्पसन यांनी केले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय हवामान खात्यात असताना त्यांनी सिमला येथे पडणाऱ्या पावसाच्या थेंबांवरील विद्युत् भार मोजला व वादळी ढगांतील विजेच्या उत्पत्तीसंबंधी उपपत्ती मांडली. तिच्यात पुढे बरेच फेरफार झाले. सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० नंतरच्या दशकात दोन भाकिते केली. ढगांतील विद्युत् क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉनांना प्रचंड ऊर्जा मिळू शकेल, हे पहिले व ढगातील विद्युत् दाब शंभर कोटी व्होल्टच्या घरात जाऊ शकेल, हे दुसरे. या दोन्ही भाकितांचा पडताळा येण्यास कित्येक दशके जावी लागली.

विजेची निर्मिती : तापलेल्या जमिनीलगतची दमट हवा वेगाने वर चढली की, उत्तुंग राशिमेघ तयार होतो व त्याचा माथा १० ते १५ किमी. उंचीपर्यंत जातो. ढगाच्या मधल्या थरात, साधारणपणे −१०° ते −२५° से. तापमानास, हिमस्फटिक, अतिशीतित जलबिंदू (गोठणबिंदूखालीही द्रवरूप राहिलेले बिंदू) व मऊ गारा एकत्र असतात. हिमस्फटिक व मऊ गारा यांच्या टकरी होऊन भारांची अदलाबदल होते. हलके हिमस्फटिक धन भार घेऊन वरच्या थरात जातात, तर जड गारा ऋण भार घेऊन मधल्या थरात राहतात. अशा रीतीने ढगाचा वरचा भाग धन व मधला भाग ऋण होतो. तळाशी धन भाराचा एक लहानसा पट्टा असतो.

विद्युत् क्षेत्र पुरेसे प्रबळ झाले म्हणजे ऋण भाराचा एक अदृश्यप्राय प्रवाह सुमारे ५० मी. लांबीच्या टप्प्याटप्प्यांनी, फाटे फोडीत खाली येतो. तो जमिनीजवळ आला की झाडे, खांब, इमारती व उभी माणसे यांच्या टोकांपासून धन भाराचे लहान प्रवाह वर चढू लागतात. त्यांपैकी एक वरून येणाऱ्या प्रवाहास मिळताच मार्ग पूर्ण होतो व डोळ्यांना दिसणारा तेजस्वी परतीचा आघात त्या मार्गाने वर जातो. त्यातील प्रवाह सरासरीने ३०,००० अँपिअर असतो व मार्गातील हवा क्षणार्धात सु. ३०,००० अंश केल्व्हिनपर्यंत तापते. ती स्फोटासारखी प्रसरण पावल्याने गडगडाट होतो. एका विजेत बहुधा तीन ते चार आघात असतात व सर्व क्रिया अर्ध्या सेकंदाच्या आसपास आटोपते.

भौतिकीतील अलीकडील संशोधन : ढगातील विद्युत् दाब मोजणे अवघड असते, कारण फुगा किंवा विमान ढगाच्या एका अरुंद रेषेतूनच जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने उटकमंड येथे चालविलेल्या ग्रेप्स-३ प्रयोगात ही अडचण वेगळ्या मार्गाने दूर झाली. विश्वकिरण वातावरणावर आदळून निर्माण होणारे म्यूऑन हे विद्युत् भारित कण ५६० चौ. मी. क्षेत्रफळाच्या उपकरणाने तेथे सतत मोजले जातात. ढगातील विद्युत् क्षेत्रातून जाताना या कणांची ऊर्जा बदलते व जमिनीवर पोहोचणाऱ्या कणांची संख्याही किंचित बदलते. १ डिसेंबर २०१४ रोजी एका गर्जन्मेघाखाली ही संख्या सु. दोन टक्क्यांनी घटली. त्यावरून ढगातील विद्युत् दाब सु. १३० कोटी व्होल्ट निघाला. हे फल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. फुग्यांच्या साहाय्याने पूर्वी मिळालेल्या मूल्यांच्या ते सु. दहापट होते व विल्सन यांचे नव्वद वर्षांपूर्वीचे भाकीत त्याने खरे ठरविले.

गर्जन्मेघांतून गॅमा किरणांचे क्षणिक झोत बाहेर पडतात, हे १९९४ मध्ये कृत्रिम उपग्रहाच्या निरीक्षणांतून कळले होते. जपानच्या किनाऱ्यावर ६ फेब्रुवारी २०१७ रोजी नोंदलेल्या एका विजेत अशा गॅमा किरणांनी नायट्रोजनाच्या अणुकेंद्रांतून न्यूट्रॉन बाहेर काढले व अल्पायुषी किरणोत्सर्गी नायट्रोजन तयार झाला, असे आढळले. वीज अणुकेंद्रीय विक्रियाही घडवून आणते, हे यावरून निश्चित झाले. विजेचा प्रारंभ नेमका कसा होतो, हा प्रश्न मात्र अद्यापि पूर्णपणे सुटलेला नाही. ढगात मोजलेले विद्युत् क्षेत्र हवेचे विद्युत् रोधन भेदण्यास लागणाऱ्या क्षेत्राहून बरेच कमी असते. उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन ही उणीव भरून काढीत असावेत, असा एक विचार आहे.

वातावरणवैज्ञानिक संशोधन : उपग्रहांवरील प्रकाशीय उपकरणांच्या नोंदींनुसार पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरीने सु. ४४ विजा चमकतात व त्यांतील बहुसंख्य उष्ण कटिबंधातील भूभागावर असतात. हवेतील सूक्ष्म कणांचा विजांशी असलेला संबंध एका अनपेक्षित ठिकाणी दिसून आला. हिंदी महासागराच्या ईशान्य भागातील व दक्षिण चिनी समुद्रातील गजबजलेल्या जहाजमार्गांवर आजूबाजूच्या समुद्रापेक्षा जवळजवळ दुप्पट विजा होतात, असे २०१७ मध्ये दाखविण्यात आले. जहाजांच्या धुरातील कणांमुळे ढगातील थेंब लहान व असंख्य होतात, ते अधिक उंचीवर जाऊन गोठतात व भारांची विभागणी वाढते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. जहाजांच्या इंधनातील गंधकावर १ जानेवारी २०२० पासून कडक मर्यादा आल्यानंतर या मार्गांवरील विजा लक्षणीय प्रमाणात घटल्या. पृथ्वीचे तापमान वाढल्याने विजा वाढतील काय, याविषयी मात्र एकमत नाही. ढगांतील हिम विचारात घेण्याच्या पद्धतीनुसार काही गणिते वाढ, तर काही घट दर्शवितात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१४ च्या सुमारास महाराष्ट्रात विजांची स्थाने शोधणारी २० केंद्रे उभारली. पुढे हे जाळे देशभर विस्तारून केंद्रांची संख्या ८० हून अधिक झाली. प्रत्येक विजेपासून रेडिओ तरंगांचा स्पंद निघतो. तो निरनिराळ्या केंद्रांवर पोहोचण्याच्या वेळांतील अत्यल्प फरकावरून विजेचे स्थान काढता येते. या माहितीच्या आधारे ‘दामिनी’ या भ्रमणध्वनी प्रणालीद्वारे २० ते ४० किमी. परिसरातील विजांची सूचना दिली जाते. ढगांतल्या ढगांतील विजांची संख्या एकाएकी वाढणे हे वादळ उग्र होत असल्याचे लक्षण असल्याने अशी सूचना जमिनीवरील विद्युत्पातापूर्वी मिळू शकते.

मराठवाड्यातील विद्युत्पात : मराठवाड्यात विजांचे दोन हंगाम स्पष्ट दिसतात. पहिला मार्चपासून मॉन्सून स्थिरावेपर्यंतचा, अवकाळी व वळवाच्या पावसाचा असून दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाचा आहे. उन्हाळ्यात वायव्येकडील कोरडे व समुद्राकडील दमट वारे या पठारावर एकमेकांस भिडतात. दुपारपर्यंत जमीन तापते आणि दुपारनंतर गर्जन्मेघ उभे राहतात. ऐन पावसाळ्यात ढग तुलनेने बुटके असल्याने पाऊस पुष्कळ पडला, तरी विजा कमी असतात.

हे दोन्ही हंगाम शेतीच्या धांदलीचे असतात. रोहिणी व मृग या नक्षत्रांत मशागत व पेरणी चालते. परतीच्या पावसात सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी असते. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूरचा परिसर या दृष्टीने उदाहरणादाखल पाहण्यासारखा आहे. पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा येथून जवळ आहे. भूप्रदेश डोंगराळ असून सागाची वने व त्यांमधून पसरलेली शिवारे असे त्याचे स्वरूप आहे. अशा भागात गावापासून दूरच्या शेतात काम करणाऱ्यांना पक्के छप्पर जवळ नसते. उघड्या रानातील एकटे झाड किंवा आखाड्यावरील पत्र्याचे वा गवताचे छप्पर एवढाच आसरा दिसतो आणि विजेच्या दृष्टीने तोच धोक्याचा असतो. गुराखी व गुरे यांनाही हेच लागू पडते. झाडावर पडलेली वीज मुळांवाटे जमिनीत पसरते व जमिनीवरील दोन बिंदूंमध्ये विद्युत् दाबाचा फरक उत्पन्न होतो. गुरांच्या पुढील व मागील पायांतील अंतर जास्त असल्याने हा फरक त्यांच्या बाबतीत मोठा असतो, शिवाय प्रवाह हृदयामधून जातो. झाडाखालची जनावरे एकदम दगावतात ती यामुळे. पायाळू माणसावर वीज पडते, ही महाराष्ट्रातील जुनी समजूत निराधार आहे. वीज जन्माची तऱ्हा पाहत नाही. उंची, एकाकीपणा व जमिनीशी असलेला संपर्क यांवर आघात अवलंबून असतो.

शरीरावरील परिणाम : थेट डोक्यावर वीज पडण्याचे प्रमाण एकूण बाधितांत ३ ते ५ टक्केच असते. सु. निम्म्या व्यक्तींना जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाचा, तर इतर पुष्कळांना झाडावरून उडालेल्या बाजूच्या झोताचा उपसर्ग होतो. बाधितांपैकी सु. दहांतील नऊ व्यक्ती जगतात. प्रवाह अत्यल्प काळ टिकतो व त्याचा बराच भाग ओल्या त्वचेवरून वाहून जातो. त्यामुळे खोल भाजण्याचे प्रमाण कमी असते; घामाची एकदम वाफ होऊन कपडे मात्र फाटतात. त्वचेवर कधीकधी नेच्याच्या पानासारखी तांबूस नक्षी उमटते व बहुधा एका दिवसात नाहीशी होते. तिला लिख्टेनबेर्क आकृती म्हणतात. कानाचे पडदे फाटणे, तात्पुरता अंगघात (विशेषतः पाय लुळे व थंड पडणे, हा काही तासांत ओसरतो), पुढे मोतीबिंदू, विस्मरण, निद्रानाश व दीर्घकालीन वेदना हे अन्य परिणाम होत.

मृत्यूचे प्रमुख कारण हृदय व श्वसन एकदम थांबणे हे आहे. प्रचंड प्रवाहाने हृदयाचे सर्व स्नायू एकाच वेळी आकुंचित होऊन ठोका थांबतो. स्वयंप्रेरणेच्या गुणामुळे हृदय पुष्कळदा आपोआप पुन्हा सुरू होते. परंतु मेंदूतील श्वसनकेंद्र त्याहून अधिक काळ बधिर राहते. श्वासाअभावी रक्तातील ऑक्सिजन संपतो व हृदय दुसऱ्यांदा, बहुधा कायमचे, बंद पडते. या दोन घटनांमधील थोड्या मिनिटांत कृत्रिम श्वास मिळाला, तर रुग्ण वाचू शकतो.

उपचार : सामान्य अपघातात श्वास व नाडी नसलेल्यांपेक्षा जिवंत असलेल्यांकडे आधी लक्ष दिले जाते. विद्युत्पातात हा क्रम उलटा असतो. कण्हणारी वा हालचाल करणारी व्यक्ती बहुधा जगतेच. म्हणून निश्चेष्ट पडलेल्या व्यक्तीला प्रथम छातीवर दाब व तोंडाने श्वास देणे सुरू करतात. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या व स्थिर दिसल्या, तरी विद्युत्पातात ते मृत्यूचे निश्चित लक्षण नसते. बाधिताच्या शरीरात विद्युत् भार उरत नाही, त्याला स्पर्श करण्यात धोका नसतो. स्पर्शाच्या भीतीने दूर राहणे किंवा देशाच्या काही भागांत आढळणारी शेणात पुरून ठेवण्याची प्रथा यांमुळे मोलाची मिनिटे वाया जातात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. परंतु दूरच्या शिवारात ती पोहोचेपर्यंतचा काळ सोबतच्या माणसांच्याच हाती असतो. रुग्णालयात हृद्विद्युत् आलेख, कान व डोळे यांची तपासणी आणि गर्भवतीच्या बाबतीत गर्भाची तपासणी आवश्यक असते.

संरक्षण : प्रकाश तत्क्षणी दिसतो, तर ध्वनीस एक किमी. अंतर कापण्यास सु. तीन सेकंद लागतात. चमक व गडगडाट यांमध्ये ३० सेकंदांहून कमी वेळ असल्यास वादळ सु. १० किमी.च्या आत असते. अशा वेळी पक्क्या इमारतीत किंवा बंद धातूच्या वाहनात आसरा घ्यावा व शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. एकटे झाड, विजेचे खांब, तारांचे कुंपण, विहीर व तळे यांपासून दूर राहावे. अनेक जण एकत्र असल्यास दाटीवाटीने न थांबता अंतर ठेवावे, म्हणजे एकाच वेळी सर्वजण बाधित न होता मदतीस कोणीतरी उरतो. शाळा, ग्रामपंचायत इमारती व उंच वास्तू यांवर वीज अटकाव यंत्रणा बसविल्यास वीज जाड धातूच्या पट्टीवाटे जमिनीत सुरक्षितपणे उतरते. मात्र भूसंपर्क चांगला नसल्यास ती निरुपयोगी ठरते. भ्रमणध्वनीवरील सूचना उपयुक्त असली, तरी डोंगराळ व वनमय भागांत संपर्क नेहमी राहतोच असे नाही आणि शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ तसे साधन असतेच असेही नाही. तेथे गडगडाट हीच खात्रीची सूचना होय.

ढगातील भार नाहीसा करणे माणसाच्या आवाक्यात नाही. परंतु विद्युत्पातापूर्वीचा अर्धा तास व त्यानंतरची पहिली काही मिनिटे या दोन काळांत योग्य कृती झाल्यास यांतील पुष्कळ मृत्यू टळू शकतात. त्यासाठी गडगडाट ऐकताच हातातले काम टाकून आसरा गाठण्याची सवय, शिवाराजवळ सुरक्षित निवारा व गावातील काही व्यक्तींना कृत्रिम श्वासोच्छ्‌वासाचे शिक्षण या तीन गोष्टींची आवश्यकता आहे.