दोन दिवसांच्या बाळाला पक्षाघात?

पक्षाघात म्हणजे उतारवयाचा आजार, असा आपला समज. पण मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे जन्माच्या आसपासही घडते. अशा बाळाचा हात लुळा दिसेल म्हणाल, तर तसे सहसा होत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकाच बाजूचा हात किंवा पाय ठरावीक तालात झटके देतो. मधल्या वेळात बाळ दूधही पिते! मग 'दचकतंय' म्हणून घरचे थांबतात. झटकणारा हात हलकेच धरून पाहावा. साधी थरथर थांबते, आकडी थांबत नाही. नुसती शंका असली तरी बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे.

सोनोग्राफीत हा दोष निसटू शकतो, एम.आर.आय.मध्ये स्पष्ट दिसतो. त्यात क्ष-किरण नसतात. बाळाला पाजून, दुपट्यात गुंडाळून, कान झाकून झोपेतच तपासणी बऱ्याचदा उरकते.

याच यंत्राची पुढची पायरी म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपी. फोटोत घर उभे दिसते. आत चूल पेटली आहे का, ते धुरावरून कळते. तसाच हा प्रकार. प्राणवायू तुटलेल्या पेशींत लॅक्टेट साचते. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे द्रव्य मुख्यतः मज्जापेशींत असते, त्या मेल्या की घटते. काही आठवड्यांनी पुन्हा मोजले की काय गेले, काय सावरते आहे, याचा अंदाज येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डॉक्टरांनी नवजात बाळांच्या मेंदूतील ऊर्जा अशी बाहेरून मोजून १९८३ साली प्रसिद्ध केली होती.

मग त्यासाठी दागिने मोडावेत का? माझे मत : निदानासाठी साधा एम.आर.आय. जरूर करावा. स्पेक्ट्रोस्कोपी मोठ्या केंद्रात सहज होत असेल तर ठीक. तिच्या आकड्यांनी उपचार सहसा बदलत नाहीत.

पुष्कळ बाळांचा आजार मात्र उशिरा उमगतो. खोकल्यासाठी आणलेले आठ महिन्यांचे एक बाळ खुळखुळा फक्त डाव्या हाताने घेई. "डावखुरा होणार, आजोबांवर गेलाय," आजीबाई कौतुकाने म्हणाल्या. उजवी मूठ मिटलेलीच. वर्षाच्या आत बाळ सहसा डावरे-उजवे ठरत नसते. एम.आर.आय.मध्ये जुना पक्षाघात निघाला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा बाळांचे व्यायाम मोफत होतात. या बाळाचा चांगला हात रोज थोडा वेळ मोज्यात ठेवून दुसऱ्याला कामाला लावले. आता तो उजव्या हाताने पोळीचा तुकडा धरतो; चिमटीत चुरमुरा अजून येत नाही.