ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

‘द मीटिंग इज कॉल्ड ऑफ’ असा निरोप आला, की ‘कॉल’ म्हणजे बोलावणे एवढेच ठाऊक असणारा माणूस सभेला जाण्याची तयारी करू लागतो. प्रत्यक्षात सभा रद्द झालेली असते. निरोपात ‘पुट ऑफ’ असते, तर ती पुढे ढकलली आहे असा अर्थ झाला असता.

क्रियापदाला अप, ऑफ, आउट, ऑन असे छोटे शब्द जोडून होणाऱ्या या रचनेला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. परकीयांना इंग्रजी शिकताना तिचा मोठा अडसर होतो, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले होते.

मराठी भाषकाला मात्र हा प्रकार अगदीच परका नाही. ‘खाऊन टाकणे’ यात ‘टाकणे’चा अर्थ फेकणे नसून क्रिया पूर्ण करणे असा आहे. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतील ‘अप’ हेच काम करते. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे; ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे.

पण प्रत्येक वेळी असा तर्क चालत नाही. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक इनटू’ म्हणजे चौकशी करणे आणि ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे. ‘पुट आउट’ म्हणजे आग विझवणे, तर ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूटपणे सहन करणे. विमानाच्या संदर्भात ‘टेक ऑफ’ म्हणजे उड्डाण. बुटांच्या संदर्भात तेच शब्द काढून ठेवण्याचा अर्थ देतात.

शब्दक्रमाचेही पथ्य आहे. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु सर्वनाम आल्यास ‘टर्न इट ऑफ’ असेच म्हणावे लागते. ‘लुक आफ्टर’ची मात्र अशी फोड होत नाही, तेथे ‘लुक आफ्टर हिम’ हेच योग्य.

म्हणूनच एकाच क्रियापदाच्या लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येक प्रयोग त्याच्या कर्मासह, पूर्ण वाक्यात लिहून ठेवणे अधिक उपयुक्त ठरते. औपचारिक पत्रात ‘पोस्टपोन’ किंवा ‘टॉलरेट’ शोभून दिसतात. संभाषणात मात्र ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट अप विथ’ हेच अधिक कानी पडतात. ते न कळल्यास व्याकरणात पारंगत असलेल्यालाही समोरच्याचे साधे बोलणे उमगत नाही.