गुरूंच्या सहीने बदललेली दिशा

विसाव्या शतकातील प्रभावी ख्रिस्ती धर्मचिंतक कार्ल बार्थ (१८८६-१९६८) यांची वैचारिक जडणघडण जर्मनीतील उदारमतवादी परंपरेत झाली. बर्लिनचे हार्नाक आणि मारबुर्गचे हेर्मान हे त्यांचे गुरू. १९११ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील साफेनविल गावी पाळक झाले. ऑक्टोबर १९१४ मध्ये ९३ जर्मन विचारवंतांनी युद्धाचे समर्थन करणारे पत्रक काढले. त्यावर या दोन्ही गुरूंच्या सह्या होत्या. ज्या शिकवणुकीतून असे समर्थन निपजते, तिच्या पायातच दोष असला पाहिजे, असा निष्कर्ष बार्थ यांनी काढला. त्यांनी बायबलचे नव्याने वाचन आरंभिले. पौलाच्या रोमकरांस पत्रावरील भाष्याच्या १९२२ च्या आवृत्तीत त्यांनी ठामपणे मांडले, की ईश्वर हा मानवी संस्कृतीचा पाठीराखा नसून तिचा न्यायकर्ता आहे. १९३४ मध्ये नाझी हस्तक्षेपाविरुद्धच्या बार्मेन जाहीरनाम्याचे प्रमुख लेखन करताना हीच भूमिका त्यांच्या कामी आली.