अमावास्येला गच्चीवर चला : मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा फोटो घरून कसा काढावा?

अमावास्येला प्रवासाला निघू नये, नवे काम हाती घेऊ नये, असे आजही अनेक घरांत सांगितले जाते. धम्म स्वीकारलेल्या आपल्या घरांतूनही ही भीती पुरती गेलेली नाही. मात्र आकाशाचे फोटो काढणाऱ्याला विचारा. महिन्यातली सर्वात चांगली रात्र अमावास्येची, असेच तो सांगेल. पौर्णिमेच्या उजेडात दूरचे अंधूक तेजोमेघ आणि दीर्घिका झाकल्या जातात. अमावास्येच्या आगेमागे चार-पाच रात्री मात्र आकाश काळे असते आणि कॅमेऱ्याला काम करता येते.

सूर्यमालेच्या पलीकडचे तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांच्या छायाचित्रणाला ‘डीप स्काय’ छायाचित्रण म्हणतात. त्यासाठी मोठी दुर्बीण आणि भरपूर पैसा लागतो असा समज आहे. पुढे जाऊन तो खर्च करता येतो, पण सुरुवात साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर आणि तिपाईवर होते. वस्तीत लग्नाचे फोटो काढणारा एखादा भाऊ असतोच. त्याचा कॅमेरा एका रात्रीपुरता मागितला तरी पुरे.

कोणापासून सुरुवात करावी?

डिसेंबर ते मार्च या काळात संध्याकाळनंतर मृग नक्षत्र ठळक दिसते. मृगाच्या पोटात एका ओळीत तीन तारे आहेत, त्यांना आपण बाण म्हणतो. बाणाच्या दक्षिणेला तीन फिकट ठिपक्यांची छोटी रांग दिसते. त्यातला मधला ठिपका धुरकट वाटतो. तोच मृगातला तेजोमेघ. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिए यांच्या यादीत त्याचा क्रमांक ४२ आहे, म्हणून त्याला एम ४२ म्हणतात. तिथे वायू आणि धुळीच्या ढगात नवे तारे जन्माला येत आहेत.

फोटो कसा घ्यावा?

५० मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवा. ऑटोफोकस बंद करा. स्क्रीनवर व्याधाचा तेजस्वी तारा मोठा करून पाहा आणि तो सर्वात बारीक टिंब दिसेपर्यंत लेन्स हाताने फिरवा. अ‍ॅपर्चर एफ २.८, आयएसओ १६०० आणि फोटो रॉ स्वरूपात ठेवा.

शटर किती वेळ उघडे ठेवायचे हे पृथ्वी ठरवते. ती फिरते म्हणून तारे तासाला १५ अंश सरकताना दिसतात. शटर दहा-पंधरा सेकंद उघडे ठेवले तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. म्हणून ३ सेकंदांचे फोटो घ्या, पण एक-दोन नव्हे, ४०० घ्या. सगळे मिळून २० मिनिटांचा प्रकाश जमा होतो. मध्ये दर दहा मिनिटांनी कॅमेरा पुन्हा मृगाकडे वळवा. शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच सेटिंगवर २०-३० काळे फोटो काढा. त्यांना ‘डार्क’ म्हणतात. कॅमेऱ्याचे स्वतःचे कायमचे दोष त्यात नोंदले जातात आणि नंतर वजा करता येतात.

आता ४०० फोटो कशासाठी? तेजोमेघाचा प्रकाश प्रत्येक फोटोत ताऱ्यांच्या हिशोबाने त्याच जागी असतो. कॅमेऱ्याची खरखर मात्र प्रत्येक फोटोत वेगळी पडते. सगळे फोटो तारे जुळवून एकावर एक ठेवले आणि सरासरी काढली की खरे असते ते टिकते आणि योगायोगाने उमटलेले विरून जाते. खरखर फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटते. म्हणजे ४०० फोटोंनी ती २० पट कमी होते. हे काम ‘डीप स्काय स्टॅकर’ किंवा ‘सिरिल’ या मोफत सॉफ्टवेअरवर साध्या संगणकावर होते. शहराच्या दिव्यांमुळे पार्श्वभूमीवर येणारा पिवळट-पांढरा उजेडही सिरिलमध्ये बराच कमी करता येतो. तरी गच्चीवरचा दिवा बंद करावा आणि रस्त्यावरचा दिवा थेट लेन्सवर येणार नाही अशी आडोशाची जागा निवडावी.

फोटो काय सांगतो?

हा तेजोमेघ सुमारे १३४० प्रकाशवर्षे दूर आहे. आज कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश निघाला तेव्हा नालंदा महाविहारात देशोदेशींचे भिक्खू शिकत होते. मृगातले इतर तारे मात्र त्याच अंतरावर नाहीत. काही त्याच्या निम्म्या अंतरावर आहेत. हरणाचा आकार आपल्या जागेवरून तसा दिसतो एवढेच. आकाशात असे कोणतेही हरीण नाही.

मूळ नक्षत्राचेही तसेच. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याच्या मुळावर येते, असे सांगून कितीतरी मुलींची लग्ने मोडली गेली. मूळ म्हणजे वृश्चिकाच्या शेपटीतले तारे. उन्हाळ्यात तिकडे कॅमेरा वळवा. शेजारीच एम ७ हा सुंदर तारकागुच्छ फोटोत येईल. शेकडो प्रकाशवर्षे दूरच्या त्या ताऱ्यांना कोणाचा सासरा ठाऊक असणार?

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. ब्रह्मजाल सुत्तात ग्रह-नक्षत्रांची भाकिते सांगून पोट भरणे हीन विद्या म्हटले आहे. नक्खत्त जातकात नक्षत्र अशुभ आहे या सल्ल्यावरून वरपक्ष ठरल्या दिवशी जात नाही आणि मुलगी दुसऱ्या घरी दिली जाते. आपल्या काळात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका २७ ज्योतिषांनी ओळखायच्या होत्या. बरोबर उत्तरे निघाली ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी याहून वाईट झाले नसते.

धम्मवंदनेत आपण धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो : या आणि स्वतः पाहा. गच्चीवरचा कॅमेरा तेच करायला लावतो. आठवीतल्या मुलीने स्वतः काढलेला एम ४२ चा फोटो तिच्या हातात असेल, तर तिला नक्षत्राची भीती घालणे अवघड जाते.

रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. जानेवारी २०१६ मधल्या त्याच्या शेवटच्या पत्रात त्याने ते लिहून ठेवले. आपल्या वस्त्यांत अशी मुले आजही आहेत. त्यांच्या हाती ताऱ्यांपर्यंत जाण्याचे साधन द्यायला फार काही लागत नाही. विहार समितीने एक तिपाई आणि एक जुना कॅमेरा घ्यावा, अभ्यासिकेच्या संगणकावर ही दोन सॉफ्टवेअर टाकावीत आणि येत्या अमावास्येला विहाराच्या गच्चीवरचे दिवे तासभर बंद ठेवावेत. त्या रात्री निघालेला फोटो पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर सर्वांना दाखवावा, आणि तो कसा काढला हे मुलांनीच उभे राहून सांगावे.