डॅलस–फोर्ट वर्थ: भटकंतीच्या जागा कशा घडल्या

मे महिन्यात भारतातून आई-वडील येतात. प्रवासाचा शीण उतरला, की एका सकाळी वडील पायांत बूट चढवून विचारतात, "इथे पायी जाण्यासारखे काय आहे?" फ्रिस्को, मॅकिनी किंवा प्लेनो येथील अनेक मराठी घरांत या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते: वसाहतीला एक फेरी मारून या, बाकी कुठे जायचे तर शनिवारी गाडी काढू. पुण्यात भाजी, वाचनालय, देऊळ आणि मित्रांचा कट्टा रोज पायी गाठणारा माणूस येथे पाच दिवस शनिवारची वाट पाहत बसतो.

ही अडचण एखाद्या घराची नाही. ती या महानगर प्रदेशाच्या घडणीतून आली आहे. डॅलस–फोर्ट वर्थला समुद्र नाही आणि डोंगरही नाहीत. निसर्गाने तयार करून ठेवलेली सहलीची ठिकाणे येथे थोडी. आपण ज्या तळ्याकाठी डबा उघडतो, ज्या उद्यानात मुलांना नेतो आणि ज्या आगगाडीची आपल्या गावात उणीव भासते, त्या प्रत्येकामागे केव्हातरी घेतलेला सार्वजनिक निर्णय आहे. तो समजून घेतला, तर सहलीची जागा निवडणे सोपे होते. शिवाय पुढच्या निर्णयात आपला वाटा कुठे असू शकतो, हेही दिसू लागते.

काळ्या मातीवरची वाढ

प्लेनोची लोकसंख्या १९६० मध्ये ३,६९५ होती. २०२० च्या जनगणनेत ती २ लाख ८५ हजारांवर गेली. फ्रिस्को हे २००० मध्ये सुमारे ३३,७०० वस्तीचे गाव होते. वीस वर्षांत त्याने दोन लाखांचा टप्पा ओलांडला. संपूर्ण महानगर प्रदेशात २०१० मध्ये सुमारे ६४ लाख लोक राहत होते, २०२० मध्ये ७६ लाख. मुंबईला समुद्राने अडवले, म्हणून ती उंच वाढली. येथे अडवणारे काहीच नव्हते, म्हणून वस्ती आडवी पसरली. शेतजमीन घ्यायची, तिच्यावर केवळ घरांची वसाहत आखायची आणि दुकाने दूरच्या मोठ्या चौकात ठेवायची, हा वाढीचा साचा ठरला. घर, दुकान आणि कचेरी यांना वेगवेगळे विभाग नेमून देणाऱ्या नियमांनी तो पक्का केला. भाजी आणायला पायी का जाता येत नाही, याचे पहिले कारण हे.

ज्या जमिनीवर ही वाढ झाली, ती मराठी माणसाला ओळखीची वाटावी. येथील 'ब्लॅकलँड प्रेअरी' हा पट्टा आणि विदर्भ-मराठवाड्यातील कापसाची काळी जमीन मृदाशास्त्रात एकाच गटात मोडतात. पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी ही माती. एके काळी येथेही कापूस पिकत असे आणि डॅलस ही त्याची मोठी बाजारपेठ होती. आता त्याच मातीवर घरे उभी आहेत. म्हणून कडक उन्हाळ्यात अनेक घरमालक घराच्या पायाभोवती पाझरणारी नळी टाकून जमिनीला पाणी पाजतात. पाणी हा या प्रदेशाचा जुना आणि कायमचा प्रश्न आहे. आपल्या सहलीची बहुतेक ठिकाणे त्याच प्रश्नातून निर्माण झाली.

तळ्यांच्या पोटातली धरणे

डॅलसच्या पूर्व भागातील व्हाइट रॉक लेक शहराला प्यायचे पाणी मिळावे म्हणून बांधण्यात आला. त्याचे धरण १९११ मध्ये पूर्ण झाले. त्याआधी तीनच वर्षे, १९०८ मध्ये, ट्रिनिटी नदीच्या महापुराने शहराला तडाखा दिला होता. एकीकडे पूर आणि दुसरीकडे तहान, या दोन टोकांमध्ये हा प्रदेश सदैव सापडलेला आहे. पुढे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने पूर अडवण्यासाठी आणि पाणी साठवण्यासाठी ग्रेपवाइन, लॅव्हन आणि लुइसव्हिल ही धरणे बांधली. १९५० च्या दशकात ती पूर्ण होत असतानाच टेक्सासवर सलग सात वर्षांचे भीषण अवर्षण कोसळले.

प्लेनो, मॅकिनी आणि फ्रिस्कोच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा एक मुख्य स्रोत म्हणजे लॅव्हन जलाशय. वाढत्या वस्तीला तोही अपुरा पडू लागला, तेव्हा ईशान्येकडील फॅनिन परगण्यात बोडार्क लेक हा १६ हजार एकरांहून मोठा जलाशय बांधण्यात आला. २०२३ पासून त्याचे पाणी मिळू लागले. सुमारे तीन दशकांत टेक्सासमध्ये झालेला हा पहिलाच मोठा नवा जलाशय. खडकवासल्याच्या काठावर भाजलेले कणीस खाणारा पुणेकर ज्या पाण्याकडे पाहतो, तेच त्याच्या घरी पोहोचते; लॅव्हनच्या काठी चटई अंथरणारे प्लेनोचे कुटुंबही नेमके तेच अनुभवत असते.

मराठी भटक्याला येथे आणखी एक गोष्ट खटकते. सह्याद्रीत एखाद्या गावातून पायवाट धरली, की माणूस गडावर पोहोचतो. टेक्सासमध्ये ९० टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची आहे. कुंपणापलीकडे पाऊल टाकण्याची सोय नाही. त्यामुळे चालण्याची वाट हवी, तर ती जमीन कुणीतरी सार्वजनिक करून ठेवलेली असावी लागते. प्लेनोमधील सुमारे २०० एकरांचे आर्बर हिल्स हे राखीव क्षेत्र किंवा जुन्या लोहमार्गाच्या जागी झालेली डॅलसची साडेतीन मैलांची केटी ट्रेल, ही अशी जपलेली जमीन आहे. नकाशावर हिरवा ठिपका दिसला, तर तो आपोआप उरलेला नसून जाणीवपूर्वक राखलेला आहे, असे समजावे.

एका सेंटचा हिशेब

आता आगगाडीचा प्रश्न. प्लेनोच्या जुन्या बाजारपेठेत डार्टची शहरी रेल्वे येते. शेजारच्या फ्रिस्कोत मात्र येत नाही. असे का?

उपाहारगृहाच्या बिलावर आपण ८.२५ टक्के विक्रीकर भरतो. त्यातील ६.२५ टक्के राज्याचे असतात आणि उरलेले जास्तीत जास्त दोन टक्के स्थानिक कामांसाठी. ही मर्यादा कायद्याने घातलेली आहे. १९८३ मध्ये डॅलस आणि भोवतालच्या शहरांतील मतदारांनी या दोन टक्क्यांपैकी एक टक्का, म्हणजे डॉलरमागे एक सेंट, डार्ट या सार्वजनिक वाहतूक संस्थेला देण्याचे मान्य केले. १९९६ मध्ये तिची रेल्वे सुरू झाली. फ्रिस्कोने तो सेंट दोन अर्ध्या भागांत वाटून आपल्या दोन विकास महामंडळांना दिला. उद्योग गावात आणणे, क्रीडासंकुले आणि सार्वजनिक सुविधा उभारणे, या कामांना त्यातून बळ मिळाले.

म्हणजे फ्रिस्कोतील झगमगती क्रीडासंकुले आणि तेथे नसलेली आगगाडी, या दोन्ही एकाच सेंटच्या दोन बाजू आहेत. कोणता निर्णय योग्य, यावर मतभेद असू शकतात. डार्टला दिलेल्या सेंटच्या मोबदल्यात पुरेशी सेवा मिळते का, हा वाद अलीकडे सदस्य शहरांतही पेटला आहे. मात्र वाहन परवाना नसलेला पाहुणा, शाळकरी मूल आणि वयोवृद्ध रहिवासी यांच्यासाठी हा हिशेब केवळ पैशांचा राहत नाही. गाडी चालवू न शकणाऱ्याचे स्वातंत्र्य त्या एका सेंटवर अवलंबून असते.

तीन सोप्या वाटा

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून आई-वडिलांसह करता येतील अशा तीन सहली सांगता येतील.

पहिली डॅलस शहराची. प्लेनोच्या स्थानकावरून रेल्वेने सेंट पॉल स्थानकावर उतरावे. तेथून थोड्याच अंतरावर डॅलस म्युझियम ऑफ आर्ट आहे. २०१३ पासून त्यात सर्वसाधारण प्रवेश विनामूल्य आहे. त्याच्यालगत क्लाइड वॉरन पार्क. हे पाच एकरांचे उद्यान जमिनीवर नाही, तर वाहत्या फ्रीवेवर टाकलेल्या छतावर आहे. १९६० च्या दशकापासून आखल्या गेलेल्या महामार्गांनी शहराचे भाग एकमेकांपासून तोडले होते. सार्वजनिक निधी आणि खासगी देणग्या एकत्र आणून २०१२ मध्ये त्यांतील एक भेग बुजवण्यात आली. उद्यानाजवळून जाणारी जुन्या घडणीची एम-लाइन ट्रॉलीही विनामूल्य आहे. वडिलांना दाखवल्या मार्गाने दुसऱ्या वेळी एकट्यानेही जाता येते, हे या सहलीचे खरे मोल.

दुसरी फोर्ट वर्थची. डॅलसच्या युनियन स्टेशनवरून ट्रिनिटी रेल्वे एक्स्प्रेस तेथे जाते. तिच्या नेहमीच्या वेळापत्रकात रविवार नसतो, म्हणून शनिवार निवडावा. तेथील किम्बेल कला संग्रहालयाचा कायमस्वरूपी संग्रह विनामूल्य पाहता येतो. १९७२ मध्ये खुली झालेली ही इमारत लुई कान यांची आहे. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्थाही त्यांनीच आखली. १९७४ मध्ये अहमदाबादहून परततानाच न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. छताच्या फटींतून झिरपणारा प्रकाश काँक्रीटवर चंदेरी होऊन पसरतो, तो पाहण्यासाठी भर दुपारी जावे. त्यानंतर बसने किंवा टॅक्सीने स्टॉकयार्ड्सला जाऊन चार वाजता रस्त्यावरून निघणारा लांबशिंग्या गुरांचा कळप पाहता येतो.

तिसरी व्हाइट रॉक लेकची. या तळ्याभोवती नऊ मैलांहून अधिक लांबीची वाट आहे. एका टोकाला ६६ एकरांचे डॅलस आर्बोरेटम. येथे गाडीने जाणे सोयीचे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा अनेकदा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जातो, म्हणून सूर्योदयाला पोहोचून नऊपर्यंत परतावे. एप्रिलमध्ये पाहुणे असतील, तर दक्षिणेकडील एनिस गावच्या रस्त्यांवर फुललेली निळी ब्लूबॉनेट जरूर दाखवावीत.

निर्णयात आपला वाटा

आयर्विंगच्या थॉमस जेफरसन पार्कमध्ये महात्मा गांधींचा पुतळा आहे. शहराने आपल्या उद्यानात जागा दिली, येथील भारतीय समाजाने निधी उभारला आणि २०१४ च्या गांधी जयंतीला त्याचे अनावरण झाले. आपणही येथे सार्वजनिक जागा घडवू शकतो, याचे ते मूर्त उदाहरण आहे.

परंतु पुतळ्यासाठी एकत्र येणारा समाज पदपथासाठी क्वचितच एकत्र येतो. नवी वसाहत मंजूर होताना तिच्यातून दुकानापर्यंत सलग पदपथ असावा का, ओढ्याकाठची जमीन राखावी का, बसला थांबा द्यावा का, हे प्रश्न नगरपरिषदेच्या सभेत ठरतात. त्या सभा सर्वांना खुल्या असतात आणि आपले म्हणणे मांडण्यासाठी नागरिकत्वाची अट नसते. कामाच्या व्हिसावर असलेला रहिवासीही नाव नोंदवून बोलू शकतो. ज्यांना नागरिकत्व मिळाले आहे, त्यांच्यासाठी मे महिन्यातील स्थानिक निवडणूक आणि कर्जरोख्यांवरील मतदान ही आणखी थेट वाट आहे. या मतदानाला फार थोडे लोक जातात. म्हणूनच एका वसाहतीतील काही डझन मते तेथे वजनदार ठरतात.

आपण येथे घर घेतो, मालमत्ता कर भरतो आणि मुलांना येथल्या शाळांत घालतो. तरी गावाच्या आखणीविषयी मात्र पाहुण्यासारखे वागतो. वडिलांचा प्रश्न खरे तर आपल्यालाच लागू पडतो, कारण पंचवीस-तीस वर्षांनी याच गावात गाडीची किल्ली आपल्याही हातातून सुटणार आहे. तेव्हा पायी जाण्यासारखे काय असेल, ते आजच्या सभांमध्ये ठरत आहे.