हादरा परत घालताना

वाशीमच्या पाटणी चौकात ऑटोंचे भोंगे वाजताहेत. वरच्या माडीवर, खिडक्यांना काळा कागद लावलेल्या खोलीत, मॉनिटरवर एक बंजारा मुलगी गिरकीच्या मधोमध थांबली आहे. घागऱ्यावरचे आरसे चमकताहेत, कवड्यांच्या माळा हवेत आहेत, ओढणीचं टोक चौकटीबाहेर निघालं आहे. मागे तुरीचं शेत. ते काढून तिथे पोहरादेवीची संध्याकाळ बसवायची आहे, कारण गाणं तिथल्या यात्रेचं आहे. बंजारा समाजाची काशी ती.

‘‘नऊ सेकंदाचा शॉट हाये काका. पंचवीसनं गुणा,’’ टॅब्लेटवर पेन टेकवत मुलगा म्हणतो.

म्हणजे २२५ फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये मुलीच्या कडेची रेघ तपासायची, हलली असेल तर सरकवायची. हेच रोटोस्कोपिंग, थोडक्यात रोटो. ॲनिमेटर मॅक्स फ्लायशरला त्याचं अमेरिकी पेटंट १९१७ साली मिळालं. आपल्याकडे फाळक्यांचा ‘लंकादहन’ त्याच वर्षीचा. फ्लायशर काचेवर एकेक फ्रेम पाडून हातानं गिरवत असे. अवजार बदललं, गिरवणं सुटलेलं नाही.

शॉट मोबाइल हातात धरून, चालत घेतलेला आहे. पावलागणिक चित्र उसळतं. म्हणून मुलानं आधी ते आफ्टर इफेक्ट्स या प्रोग्रॅममध्ये स्थिर केलं आहे. बांधावरच्या दगडांचा ट्रॅक घेऊन प्रोग्रॅमनं प्रत्येक फ्रेम थोडी सरकवली, थोडी फिरवली, आणि कडेला काळं दिसू नये म्हणून मुलानं ती थोडी मोठी केली. थांबलेल्या चित्रावर रोटो भराभर होतो. एक गोष्ट मात्र थांबत नाही: पाऊल पडताना आलेला धूसरपणा. बांध जागचा हलत नाही, आणि तरी क्षणभर पुसट होतो. डोळ्याला ते लगेच खटकतं.

आता हा रोटो पुण्याच्या मित्राकडे जायचा आहे. तो पार्श्वभूमी न्यूक या प्रोग्रॅममध्ये जोडणार. पाठवण्याआधी मुलगा शेजारच्या मशीनवर फ्यूजन हा तसाच प्रोग्रॅम उघडतो, मूळ फुटेज घेतो आणि त्यावर त्या रेघेतून बनलेला मास्क ठेवतो.

‘‘आता पाहा.’’

मूळ चित्रात मुलगी हादऱ्यासरशी खाली जाते, मास्क जागेवरच. डोक्यावर तुरीची हिरवी पट्टी उरते, खाली पाय घोट्यापासून छाटला जातो. पुढच्या पावलाला उलटं.

‘‘कॅमेरा हालते, मास्क नाही हालत. मास्कले हादरा माहीतच नाही ना.’’

शिवाय रेघेचे नुसते आकडे पाठवूनही भागत नाही. आफ्टर इफेक्ट्स वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतं, न्यूक खालच्या डाव्या कोपऱ्यापासून, आणि फ्यूजन पिक्सेल न मोजता सगळी चौकट शून्य ते एकमध्ये बसवतं. आकडे तसेच न्यूकमध्ये उचलले तर मुलगी उलटी लटकेल.

सोपा उपाय एकच: स्थिर केलेलं चित्रच पाठवायचं, म्हणजे मास्क त्यावर बिनचूक बसतो. दिग्दर्शकाला ते नको आहे. त्याला हादरा हवा आहे. मला त्याचं म्हणणं पटतं. नाचणाऱ्या मुलीबरोबर चालणारा माणूस त्या हादऱ्यातच दिसतो. तो काढला की नाच कोरडा होतो.

मग हादरा मास्कला द्यायचा. ट्रॅकचे आकडे तेच, फक्त उलटे: डावीकडे सरकवलं तिथे उजवीकडे, मोठं केलं तितकं लहान, आणि सरकवणं, फिरवणं, मोठं करणं यांचा क्रमही शेवटाकडून सुरुवातीकडे. साध्या ट्रॅकवर हे जमतं. चित्राचा प्रत्येक भाग वेगळा वाकवणारा वार्प स्टॅबिलायझर वापरला असता, तर अशा चार आकड्यांत तो उलटवता आला नसता. हादरा घातलेला मास्क मुलगा काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या मालिकेत रेंडर करतो, मूळ फुटेजच्याच मापात. ती कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येते.

वहीत तो लिहितो: पहिली फ्रेम कितवी, सेकंदाला फ्रेम किती. मोजणी कुठे शून्यापासून होते, कुठे एकपासून. एका फ्रेमचा फरक पडला तरी मुलीभोवती शेताची झालर दिसते. मोबाइलचा फ्रेम-वेग चित्रणातच कमीजास्त होतो, म्हणून मूळ क्लिप त्यानं पहिल्याच दिवशी ठरावीक वेगाची करून घेतली आहे.

पुन्हा फ्यूजन. मुलगी उसळते, मास्क तिच्याबरोबर उसळतो. मी पुढे वाकून ओढणीची कड पाहतो. धागा सुटलेला नाही. मुलगा मात्र आरशांकडे बघतोय. त्यांत दुपारचं ऊन आहे आणि मागे संध्याकाळ येणार आहे.

‘‘हे असं नाही चालत,’’ म्हणत तो आरशांचा वेगळा मास्क सुरू करतो. हे काम त्याला कोणी सांगितलेलं नाही.

लग्नाचं, यात्रेचं, गाण्याचं चित्रण करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यांना एवढंच सांगायचं आहे: स्थिर केलेली प्रत हाती आली म्हणून मूळ क्लिप पुसू नका, आणि मास्क पाठवताना ती त्याच्यासोबत द्या.