होडीचे संकेतदिवे : जुन्या तारांची फेरजोडणी

रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खाडीकाठच्या गावांत शेतीबरोबरच लहान यांत्रिक होडी बाळगणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. मासेमारी, पैलतीरावरील जाणेयेणे आणि मालाची नेआण तिच्यावरच होते. परतताना रात्र पडली, की होडीचे अस्तित्व इतरांस कळविणारे साधन म्हणजे तिचे संकेतदिवे. धरमतरच्या खाडीत अवजड बार्जेस ये-जा करतात. जयगडच्या मुखाशी मोठी जहाजे येतात. असे जड वाहन ऐनवेळी थांबविता येत नाही. म्हणून दिवा नुसता लागून भागत नाही, तो दुरून दिसला पाहिजे.

नियम काय सांगतो

१९७२ साली ठरलेल्या व १९७७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १२ मीटरपेक्षा कमी लांबीच्या यांत्रिक होडीस तीन दिवे पुरतात. नाळेकडे तोंड करून उभे राहिले असता डाव्या अंगास तांबडा, उजव्या अंगास हिरवा, आणि वर चहूकडून दिसणारा पांढरा. पांढरा दिवा बाजूच्या दिव्यांपेक्षा किमान १ मीटर उंच असावा. बाजूचे दिवे १ सागरी मैलावरून व पांढरा २ सागरी मैलांवरून दिसावयास हवेत. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, तसेच दाट धुक्यात दिवसाही ते लावावेत. प्रत्यक्ष मासेमारी चालू असताना लावावयाचे दिवे निराळे आहेत.

दोष कोठे असतो

दिवा मंद झाला की बहुतेक जण बल्ब बदलतात; परंतु जुन्या होडीत दोष बहुधा तारेत व सांध्यात असतो. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा कळंक चढतो, तो आवरणाखालून आत शिरतो, आणि विजेचा दाब वाटेतच खर्ची पडतो.

याची परीक्षा मल्टिमीटरने सहज होते. दिवा लावून प्रथम बॅटरीच्या टोकांवर व मग दिव्याच्या टोकांवर दाब मोजावा. बॅटरीवर १२.४ व दिव्यावर ११ व्होल्ट आढळल्यास १.४ व्होल्ट वाटेत गेले. तंतूच्या बल्बचा उजेड एवढ्याने सुमारे एक तृतीयांश घटतो. नंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्रास व दुसरे दिव्याच्या ऋण टोकास लावावे. येथे शून्याच्या जवळपास आकडा न येता अधिक आला, तर दोष परतीच्या तारेत आहे असे समजावे. ही परतीची तार तपासण्याचे बहुधा राहून जाते.

तार व सांधे

तारेचा एखादा तुकडा बदलण्यापेक्षा संपूर्ण तार बदलणे हिताचे. घरगुती एकेरी जाड तार हादऱ्यांनी तुटते; म्हणून अनेक बारीक धाग्यांची, कल्हई केलेली तांब्याची तार घ्यावी. तिन्ही दिवे मिळून ३० वॅटचे असतील, तर १२ व्होल्टवर २.५ अँपिअर प्रवाह वाहतो. बॅटरीपासून दिव्यांचे अंतर ६ मीटर असल्यास जाऊन-येऊन १२ मीटर तार लागते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत एवढ्या अंतरात सुमारे ०.३६ व्होल्ट, म्हणजे शेकडा ३ घट होते. याहून अधिक घट होऊ देऊ नये. अंतर जास्त असल्यास अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरावी.

कामास आरंभ करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. पेट्रोलचे इंजिन असल्यास तळाची झाकणे उघडून वारा खेळू द्यावा, कारण पेट्रोलची वाफ जड असल्याने तळाशी साचते. जुनी तार काढण्यापूर्वी प्रत्येक टोकास चिठ्ठी बांधावी. फ्यूज धन तारेत, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. प्रत्येक दिव्यास परतीची स्वतंत्र तार द्यावी. इंजिनाचा वा होडीचा धातू परतीसाठी वापरल्यास तो विजेने झिजतो. तार पिळून चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत सोडावी. तारेच्या टोकांवर थिंबल दाबून बसवावीत आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. तारा तळातील पाण्यापासून उंच न्याव्यात व हातभर अंतरावर आवळाव्यात. होकायंत्राजवळून जाणाऱ्या धन व ऋण तारा एकमेकींस पीळ देऊन न्याव्यात, नाहीतर त्याची सुई ढळते.

एलईडी दिवे वीज कमी खातात. तथापि, जुन्या रंगीत काचेमागे नुसता एलईडी बल्ब बसविल्यास रंग व पल्ला बदलण्याचा संभव असतो. म्हणून संकेतदिव्यासाठीच बनविलेला संपूर्ण दिवा घ्यावा. हलक्या प्रतीच्या एलईडीने बिनतारी संचात खरखर येते. तीही ऐकून पाहावी.

अखेरची परीक्षा

काम झाल्यावर रात्री दुसऱ्या होडीतून फेरी मारावी. समोरून तांबडा व हिरवा दोन्ही, उजव्या अंगाने हिरवाच, डाव्या अंगाने तांबडाच आणि मागून केवळ पांढरा दिसला पाहिजे; पांढरा तर सर्वत्र दिसावा. फेरजोडणीत रंगांची अदलाबदल झाली, तर समोरचा तांडेल आपली दिशा उलटी समजेल व चुकीच्या बाजूस वळेल. असा दिवा न लावलेल्या दिव्याहूनही घातक होय.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ग्रामसेवकांनी त्या दिवसांत एक मल्टिमीटर घेऊन गावातील प्रत्येक होडीची ही तपासणी करवून घ्यावी. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरेल, तेव्हा तिच्यातील माणसे अंधारातही इतरांच्या दृष्टीस पडतील.